वर्डमधले फोटो गायब झाले? आधी ते फाइलमध्ये आहेत का, ते पाहा

मार्च-एप्रिल आला की मुंबईत कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत ब्लॅक बुकची, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या बाइंडिंग केलेल्या अहवालाची, झुंबड उडते. गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल येतात. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते, म्हणून सोसायट्यांचे अहवालही त्याच सुमाराला येतात. या सगळ्या गर्दीत काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काका, घरी दिसत होते हो फोटो!"

घरी दिसत होते हे खरंच असतं. आणि बऱ्याचदा ते फोटो हरवलेलेही नसतात.

मी दादरला डीटीपी आणि प्रिंटिंगचं काम करतो. वर्डमधला फोटो दिसेनासा झाला की नवखा माणूस घाईघाईने ती रिकामी जागा डिलीट करतो, फाइल सेव्ह करतो आणि मग फोटो शोधायला लागतो. तेवढं करू नका. त्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवा: फोटो फाइलच्या आत आहे पण दिसत नाही, की तो फाइलच्या आत कधी गेलाच नव्हता? दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात एखादी सेटिंग बदलली की काम होतं. दुसऱ्या प्रकारात वर्डमध्ये कितीही खटपट केली तरी फोटो येणार नाही, तो मूळ ठिकाणाहून आणावाच लागतो. म्हणून आधी हे कसं ओळखायचं आणि मग दोन्हींचे उपाय, अशा क्रमाने हा लेख लिहिला आहे.

सुरुवात: कॉपी करा, मग आत डोकवा

फाइल पेन ड्राइव्हवर असेल तर ती आधी डेस्कटॉपवर कॉपी करा आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर करा. पेन ड्राइव्हवरच फाइल उघडून, तिथेच सेव्ह करून, सेव्ह होत असतानाच पेन ड्राइव्ह उपटला की चांगली फाइलसुद्धा बिघडते. दुकानात घाईत हे फार होतं.

आता आत डोकवायचं. वर्ड २००७ पासून जी डॉकएक्स फाइल बनते, ती प्रत्यक्षात एक झिप फाइल असते. मजकूर, फोटो, सेटिंग्ज असं सगळं तिच्यात वेगवेगळं ठेवलेलं असतं. ते बघण्यासाठी:

१. विंडोजमध्ये फोल्डर उघडा आणि वर 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज ११ मध्ये ते 'व्ह्यू'मधल्या 'शो'च्या आत आहे. आता फाइलच्या नावापुढे 'डॉट डॉकएक्स' दिसू लागेल.

२. कॉपी केलेल्या फाइलचं नाव बदला. शेवटचं 'डॉकएक्स' खोडून तिथे 'झिप' लिहा. विंडोज विचारेल, नक्की ना? हो म्हणा. कॉपी आहे, भीती नाही.

३. त्या झिपवर डबल क्लिक करा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात 'मीडिया'. ते उघडा.

तुमचे सगळे फोटो तिथे 'इमेज १', 'इमेज २' अशा नावांनी दिसले, तर निश्चिंत व्हा. फोटो शाबूत आहेत, फक्त दिसत नाहीत. 'मीडिया' फोल्डरच नसेल, किंवा तुमच्या वीस फोटोंपैकी चारच तिथे असतील, तर उरलेले फाइलमध्ये नाहीत. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं.

फाइल जुन्या 'डॉक' प्रकारातली असेल तर ही युक्ती चालत नाही. आधी ती वर्डमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज'मधून 'वर्ड डॉक्युमेंट' म्हणून सेव्ह करा. पासवर्ड लावलेली फाइलही झिप म्हणून उघडत नाही. तिचा पासवर्ड काढून मग बघा.

'मीडिया' फोल्डरचा आणखी एक फायदा आहे. मूळ फोटो फोनमधून उडालेले असले आणि वर्डची फाइलच फक्त हाताशी उरली असली, तर फोटो इथून बाहेर काढून घेता येतात. मात्र वर्ड सेव्ह करताना फोटो सहसा कमी रिझोल्यूशनचे करून ठेवतं, त्यामुळे ते मूळ फोटोइतके स्वच्छ असतीलच असं नाही. पुढच्या कामासाठी 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'इमेज साइझ अँड क्वालिटी' शोधा आणि 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर टिक करून ठेवा. फाइल जड होईल, पण फोटो चांगले राहतील.

फोटो फाइलमध्ये नाहीत: हे लिंकचं काम

ब्लॅक बुकच्या दिवसांत मला हाच प्रकार सगळ्यात जास्त भेटतो. मध्यंतरी बीएमएसच्या (मॅनेजमेंटच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षातली एक मुलगी आली होती. तिने दुकानांचे सर्व्हे केले होते, फोटोंसकट. घरच्या लॅपटॉपवर फाइल अगदी देखणी दिसत होती. माझ्याकडे उघडली, तर प्रत्येक फोटोच्या जागी चौकट आणि चौकटीत लाल फुली. सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं.

"काका, सगळं परत घालावं लागेल का?"

"थांब. त्या फुलीच्या बाजूला काय लिहिलंय, वाच बरं."

तिथे लिहिलेलं होतं की लिंक केलेलं चित्र दाखवता येत नाही, फाइल हलवली, तिचं नाव बदललं किंवा ती डिलीट झाली असावी. ही ओळ बारकाईने वाचा, कारण लाल फुलीसोबत वर्ड दोन वेगवेगळे निरोप देतं. त्यात 'लिंक्ड' हा शब्द असेल तर फोटो फाइलच्या बाहेर आहे. तो शब्द नसेल, आणि मेमरी कमी आहे किंवा चित्र खराब झालं आहे असं लिहिलं असेल, तर प्रकार वेगळा आहे. त्याकडे पुढे येऊ.

लिंक केली म्हणजे वर्डच्या फाइलमध्ये फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो: अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, या नावाची फाइल. घरच्या लॅपटॉपवर त्या पत्त्यावर फोटो असतो, म्हणून दिसतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो पत्ताच नाही. फोटोंच्या फोल्डरचं नाव तुम्हीच बदललं, तरी हेच होतं.

हे होतं कसं? 'इन्सर्ट', 'पिक्चर्स'मधून फोटो निवडताना जी खिडकी उघडते, तिच्यात 'इन्सर्ट' बटणाला लागून एक छोटा बाण असतो. त्यात तीन पर्याय असतात: 'इन्सर्ट', 'लिंक टू फाइल' आणि 'इन्सर्ट अँड लिंक'. फाइल हलकी राहावी म्हणून कुणीतरी 'लिंक टू फाइल' शिकवलेलं असतं. दुसरं कारण इंटरनेटवरच्या पानावरून किंवा ई-मेलमधून कॉपी-पेस्ट. कधी कधी तिथला फोटो न येता त्याचा इंटरनेटवरचा पत्ताच येतो. मग नेट असलं की फोटो दिसतो, नेट गेलं की जातो.

खात्री करून घ्यायची असेल तर ऑल्ट आणि एफ ९ दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं. फोटोच्या जागी महिरपी कंसात 'इन्क्लूड पिक्चर' आणि पुढे पत्ता आला, तर लिंक आहे हे पक्कं. पुन्हा तेच दाबलं की पत्ते जातात. एक लक्षात असू द्या: फोटो खरोखर आत असताना कुणाच्या हातून चुकून ऑल्ट-एफ ९ दाबलं गेलं, तर अनुक्रमणिकेपासून पान क्रमांकांपर्यंत सगळीकडे असे कंस दिसू लागतात आणि माणूस घाबरतो. पुन्हा दाबलं की सगळं जागेवर येतं.

लिंकचा खरा इलाज, जिथे फोटो दिसतात त्या कॉम्प्युटरवर करायचा:

१. फाइल उघडा. 'फाइल', मग 'इन्फो'मध्ये जा. उजवीकडे खाली 'एडिट लिंक्स टू फाइल्स' असं दिसेल. फाइलमध्ये लिंक असेल तरच ते दिसतं.

२. उघडणाऱ्या यादीत सगळ्या लिंक आणि त्यांचे पत्ते असतात. फोटोची ओळ निवडा आणि 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट'वर टिक करा. किंवा सरळ 'ब्रेक लिंक' दाबा. मग फोटो कायमचा आत येतो आणि बाहेरच्या फाइलशी त्याचा संबंध संपतो.

३. सेव्ह करा. फाइलचा आकार वाढलेला दिसला पाहिजे. काही केबींची फाइल काही एमबींची झाली, तर काम झालं.

कंट्रोल-ए करून कंट्रोल-शिफ्ट-एफ ९ दाबलं की सगळ्या लिंक एका फटक्यात तुटतात, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो खरा आहे, पण त्याने अनुक्रमणिकासुद्धा नुसता मजकूर होऊन बसते. नंतर पानं बदलली की ती आपोआप बदलत नाही. ब्लॅक बुकवर हा प्रयोग करू नका. करायचाच असेल तर एकेका फोटोवर क्लिक करून करा.

त्या मुलीचा लॅपटॉप घरी डोंबिवलीला होता. भाऊ घरी होता. तिने त्याला फोन लावून ही यादी उघडायला लावली, त्याने 'ब्रेक लिंक' केलं, फाइल गूगल ड्राइव्हवर टाकली, आम्ही इथे उतरवून घेतली. ती इथून घरी जाऊन परत आली असती तर दुकान बंद झालं असतं.

मूळ कॉम्प्युटर हाताशी नसेल, पण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनमध्ये असतील, तर कुठला फोटो कुठे होता हे पत्त्यातल्या फाइलच्या नावावरून कळतं. फोटो आणून एखाद्या फोल्डरमध्ये ठेवा, मग त्याच यादीतल्या 'चेंज सोर्स'मधून नवा फोटो दाखवा. चौकटीचा आकार आणि जागा बहुतेक तशीच राहते, पुन्हा मांडणी करावी लागत नाही.

फोटो फाइलमध्ये आहेत, पण दिसत नाहीत

इथे कारणं बरीच आहेत. मी स्वतः ज्या क्रमाने बघतो, तो सांगतो.

आधी व्ह्यू. 'व्ह्यू'मध्ये 'प्रिंट लेआउट' निवडा. 'ड्राफ्ट' किंवा 'आउटलाइन'मध्ये असाल तर मजकुराभोवती तरंगणारे फोटो दिसतच नाहीत. फाइल ई-मेलवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवली असेल तर वर पिवळी पट्टी येते, तिथे 'एनेबल एडिटिंग' दाबावं लागतं. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली आहे ना, एवढं मात्र बघा.

मग ऑप्शन्स. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये खाली 'शो डॉक्युमेंट कंटेंट' असा भाग आहे. तिथे 'शो पिक्चर प्लेसहोल्डर्स'वर टिक असेल तर फोटोंऐवजी रिकाम्या चौकटी दिसतात. जुन्या, संथ कॉम्प्युटरवर वर्ड भरभर चालावं म्हणून कुणीतरी ही टिक केलेली असते. ती काढा. त्याच भागात 'शो ड्रॉइंग्ज अँड टेक्स्ट बॉक्सेस ऑन स्क्रीन' आहे, तिथे मात्र टिक हवी. ही सेटिंग कॉम्प्युटरची असते, त्यामुळे एकाच फाइलचे फोटो एका ठिकाणी दिसतात आणि दुसरीकडे दिसत नाहीत.

आता ज्यात सगळ्यात जास्त लोक अडकतात ते कारण. फोटोची वरची किंवा खालची एक बारीक पट्टी दिसते, एका ओळीच्या उंचीएवढी. बाकी फोटो गायब. नवखा माणूस समजतो फोटो खराब झाला. फोटोला काहीही झालेलं नसतं, ओळींमधलं अंतर चुकलेलं असतं. परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' असं ठरवलेलं असेल, समजा १८ पॉइंट, तर वर्ड त्या ओळीला १८ पॉइंटच उंची देतं. फोटो ओळीत बसवलेला असला की त्यालाही तेवढीच. उरलेला सगळा कापला जातो.

मराठी मजकुरात हे जास्त होतं असा माझा अनुभव आहे. वेलांटी, रफार, उकार यांच्यामुळे ओळी कमीजास्त उंच दिसतात, त्या सारख्या करायला लोक 'एक्झॅक्टली' लावतात आणि कंट्रोल-ए करून सगळ्या फाइलला लावतात. मजकूर छान दिसतो, फोटो कापले जातात.

इलाज सोपा आहे. ज्या ओळीत फोटो आहे, तिथे कर्सर ठेवा आणि कंट्रोल-१ दाबा. त्या परिच्छेदाचं स्पेसिंग सिंगल होतं आणि फोटो लगेच पूर्ण उघडतो. दीड स्पेसिंग हवं असेल तर कंट्रोल-५. पूर्ण फाइल निवडून हे करू नका, नाहीतर पानांची सगळी गणितं बदलतील. फोटो टेबलच्या खान्यात असेल आणि असाच कापला जात असेल, तर टेबलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रो' टॅब उघडून उंची 'एक्झॅक्टली'वरून 'अ‍ॅट लीस्ट'वर आणा. सोसायटीच्या अहवालात गळतीचे, दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो टेबलमध्ये शेजारी शेजारी लावतात, तिथे हे हटकून होतं.

पट्टीसुद्धा दिसत नाही, पण फोटो 'मीडिया'त आहे? मग तो कशाच्या तरी मागे असेल. 'रॅप टेक्स्ट'मध्ये 'बिहाइंड टेक्स्ट' निवडलेलं असलं आणि वर पांढऱ्या रंगाची टेक्स्ट बॉक्स किंवा रंग भरलेलं टेबल आलं, की फोटो झाकला जातो. ऑल्ट-एफ १० दाबा. उजवीकडे 'सिलेक्शन पेन' उघडतो, त्यात तुम्ही ज्या पानावर आहात तिथल्या वस्तूंची यादी असते. प्रत्येक नावापुढे डोळ्याचं चिन्ह असतं. तो डोळा बंद असेल तर फोटो लपवलेला आहे, त्यावर क्लिक करा. डोळा उघडा असूनही दिसत नसेल, तर यादीतल्या नावावर क्लिक करा म्हणजे फोटो निवडला जाईल, आणि मग 'रॅप टेक्स्ट'मधून 'इन लाइन विथ टेक्स्ट' निवडा. झाकलेला, पानाच्या बाहेर सरकलेला, कुठेही असलेला फोटो ओळीत येऊन बसतो.

आणि मी तर नवख्या माणसाला हेच सांगतो की ब्लॅक बुक आणि अहवालांत सगळे फोटो पहिल्यापासून 'इन लाइन विथ टेक्स्ट'च ठेवा आणि मधोमध घ्या. तरंगणारा फोटो कुठल्या तरी परिच्छेदाला बांधलेला असतो. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही जातो, आणि परिच्छेद पूर्ण डिलीट केला तर फोटोही त्याच्याबरोबर डिलीट होतो. "मी फोटोला हातच लावला नाही" म्हणणाऱ्यांचं बरोबर असतं, त्यांनी परिच्छेद काढलेला असतो. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल-झेड.

याला जोडूनच फॉन्टचं सांगतो. घरी एखादा जुना, युनिकोड नसलेला मराठी फॉन्ट वापरला असेल आणि दुकानात तो नसेल, तर मजकूर अगम्य दिसतोच, शिवाय ओळींची लांबी बदलते. मजकूर मागेपुढे सरकतो आणि तरंगणारे फोटो भलत्याच पानावर जातात. त्या पानावर बघणाऱ्याला वाटतं फोटो गेला. मंगल किंवा निर्मला यूआयसारखा युनिकोड फॉन्ट वापरा. दुसरा हवाच असेल तर 'ऑप्शन्स', 'सेव्ह'मध्ये 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर टिक करा.

क्वचित कधी फोटो 'हिडन' केलेला असतो, म्हणजे मजकूर लपवताना त्याच्याबरोबर तोही लपला. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबल्यावर लपलेलं सगळं दिसतं. ते निवडून कंट्रोल-डी, आणि 'हिडन'ची टिक काढा.

स्क्रीनवर आहे, कागदावर नाही

इथे तीन ठिकाणी बघायचं. 'ऑप्शन्स', 'डिस्प्ले'मध्ये 'प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड'वर टिक हवी. ती नसेल तर तरंगणारे फोटो छापले जात नाहीत. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधल्या 'प्रिंट' भागात 'यूज ड्राफ्ट क्वालिटी'वर टिक असेल तर काढा. आणि मंडळाच्या अहवालात पूर्ण पानाला फिकट गणपतीचं चित्र 'पेज कलर'मधून लावलेलं असेल, तर 'डिस्प्ले'मध्येच 'प्रिंट बॅकग्राउंड कलर्स अँड इमेजेस'वर टिक करावी लागते, नाहीतर पानं कोरी पांढरी येतात.

लेटरहेडवरचा लोगो स्क्रीनवर फिका दिसतो म्हणून लोक हैराण होतात. तो हेडरमध्ये आहे, हेडर स्क्रीनवर फिकंच दिसतं. छापताना गडद येतं. काही करू नका.

फोटो आत जातच नाही

आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, फोटो एचईआयसी प्रकारात काढतो. जुन्या वर्डला आणि जुन्या विंडोजला तो कळत नाही. इंटरनेटवरून उतरवलेले फोटो बऱ्याचदा वेबपी असतात, त्यांचंही तेच. दोन्ही जेपीजी करून घ्या. फोटो 'फोटोज' किंवा 'पेंट'मध्ये उघडत असेल तर 'सेव्ह अ‍ॅज'मधून जेपीजी निवडायचं. आयफोनवर 'सेटिंग्ज', 'कॅमेरा', 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवलं की पुढचे फोटो जेपीजीच निघतात.

मंडळाचा लोगो हा वेगळाच त्रास आहे. तो कुठल्यातरी प्रेसमध्ये कोरलड्रॉमध्ये बनवलेला असतो आणि कार्यकर्त्याच्या पेन ड्राइव्हवर सीडीआर किंवा ईपीएस फाइल असते. सीडीआर फाइल फोटोसारखी वर्डमध्ये घालता येत नाही. ईपीएस पूर्वी चालायची, पण २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून ती घालण्याची सोय बंद केली. प्रेसवाल्या दादांना फोन करून पीएनजी मागा. "मोठ्या साइजची, पाठीमागे पांढरं नको" एवढं सांगितलं की त्यांना कळतं.

लिबरऑफिस आणि गूगल डॉक्स

लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये तत्त्व तेच. 'इन्सर्ट', 'इमेज'च्या खिडकीत खाली 'लिंक' अशी टिक असते, ती करू नका. लिंक झालीच असेल तर 'एडिट'मध्ये 'लिंक्स टू एक्स्टर्नल फाइल्स' उघडून 'ब्रेक लिंक'. फोटो आत असून दिसत नसतील तर 'व्ह्यू'मध्ये 'इमेजेस अँड चार्ट्स'वर टिक आहे का बघा. त्याची ओडीटी फाइलही झिपच असते, फोटो 'पिक्चर्स' नावाच्या फोल्डरमध्ये सापडतात.

गूगल डॉक्समध्ये फोटो सर्व्हरवर असतो. नेट संथ असेल तर मजकूर आधी येतो आणि फोटोंच्या जागा काही वेळ रिकाम्या राहतात. लोकलमध्ये बसून फोनवर अहवाल बघताना फोटो दिसले नाहीत, तर स्टेशनवर उतरून नीट नेट मिळेपर्यंत थांबा. तरीही दिसत नसतील तर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तिथे दिसले तर दोष ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनचा आहे, जाहिराती अडवणाऱ्यांवर पहिला संशय घ्या. फोटो घालताना नकार येत असेल तर आकार बघा: फोटो ५० एमबीच्या आणि २५ मेगापिक्सेलच्या आत असावा लागतो. आजच्या काही फोनचा पूर्ण रिझोल्यूशनचा फोटो सहज त्यापुढे जातो. आणि डॉक्समधून सगळे फोटो एकदम बाहेर काढायचे असतील तर 'डाउनलोड'मध्ये 'वेब पेज' निवडा. जी झिप उतरते तिच्यात फोटोंचं वेगळं फोल्डर असतं.

फाइलच बिघडली असेल तर

लाल फुली आहे, पण 'लिंक्ड' हा शब्द नाही. आधी बाकीचे प्रोग्राम बंद करा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करा आणि फाइल उघडा. मेमरी कमी पडलेली असेल तर एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर वर्डमध्ये 'ओपन', 'ब्राउझ'मधून फाइल एकदा क्लिक करून निवडा, 'ओपन' बटणाच्या बाणावर जा आणि 'ओपन अँड रिपेअर' करा. तेही जमलं नाही तर वरची झिपची युक्ती करून 'मीडिया'तले फोटो वाचवा आणि नव्या फाइलमध्ये मजकूर व फोटो पुन्हा लावा. फाइल वनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर असेल तर मात्र एवढी मेहनत करायच्या आधी 'व्हर्जन हिस्टरी' बघा, कालची चांगली प्रत तिथे असू शकते.

फाइल 'वेब पेज' म्हणून सेव्ह झाली असेल तर फोटो बाजूच्या 'फाइल्स' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. पेन ड्राइव्हवर नुसतं ते पान आणलं आणि फोल्डर घरी राहिलं, तर फोटो येणार नाहीत. आणि 'प्लेन टेक्स्ट' म्हणून सेव्ह केलं असेल तर त्या प्रतीत फोटो उरलेलेच नसतात, जुनी प्रत शोधावी लागते.

प्रिंटला येण्याआधी

ज्या कॉम्प्युटरवर सगळं नीट दिसतं, तिथेच 'सेव्ह अ‍ॅज'मधून पीडीएफ करा. त्या खिडकीत 'मिनिमम साइझ' असा पर्याय असतो, तो नको, 'स्टँडर्ड' घ्या, नाहीतर फोटो छापील पानावर फुटलेले दिसतात. पीडीएफ झाली की ती फोनवर पाठवून फोनवरच उघडा. फोनमध्ये तुमच्या लॅपटॉपची फोल्डरं नसतात, त्यामुळे तिथे जे दिसेल तेच दुकानात दिसेल. शेवटच्या पानापर्यंत बघा, फोटो मोजा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पानांचे फोटो काढून पाठवू नका, ते दाबले जातात आणि अक्षरं पुसट येतात. पीडीएफसोबत वर्डची फाइलही ठेवा, कारण मार्गदर्शक सर ऐनवेळी एखादी ओळ बदलायला सांगतात आणि मग पीडीएफ उपयोगाची नसते. फोटोंचं मूळ फोल्डरही त्याच पेन ड्राइव्हवर असू द्या. आणि बाइंडिंगला देण्याआधी रंगीत पानांपैकी एक पान आधी प्रिंट काढून मागा, ते पसंत पडलं की बाकीची काढायला सांगा.